डोकं खाली जातं तो पाय चांगला

पत्र:

‘डॉक्टरसाहेब, नमस्कार. माझी वरातीची घोडी आहे, पाखरी. वय ९ वर्षं, अकलूजच्या बाजारातनं आणलेली. १२ दिवस झाले, पुढच्या पायानं लंगडती. चालताना उजवा पाय टेकला की डोकं खाली टाकती, म्हणजे उजवाच दुखतोय हे उघड आहे. सूज कुठंच नाही. एका जाणत्या माणसानं खांदा धरलाय म्हणून उजव्या खांद्यावर बिब्बा लावला. कातडं सोलटलं, फरक काही नाही. मेडिकलमधनं आणून दुखण्याचं इंजेक्शन दिलं की दोन दिवस झ्याक चालती, मग परत तेच. मातीत बरी असती, रस्त्यावर आली की जास्त. ठाणावर मात्र डावा पाय पुढं टाकून ऐटीत उभी असती. खाणंपिणं व्यवस्थित. नाल १८ दिवसांपूर्वी मारलेत, पण नालबंद म्हणतो नालाचा संबंध नाही. तुळशीचं लग्न झालं, तारखा सुरू झाल्यात. पुढच्या दहा दिवसांत चार वराती घेतल्यात. एवढ्या चार निभावतील असं जोरातलं इंजेक्शन आणि त्याचा डोस सांगा. मग महिनाभर विश्रांती देतो.’
– एक घोडेवाला, शुक्रवार पेठ, कोल्हापूर

उत्तर:

राम राम. तुमचं पत्र तीनदा वाचलं, कारण तुम्ही चांगलं बघितलंय. बघितलेल्याचा अर्थ तेवढा उलटा लावलाय. पाखरीचा उजवा पाय दुखत नाही. दुखतोय तो डावा. बिब्बा लागला तो चांगल्या पायाच्या खांद्यावर.

घोड्याचं डोकं आणि मान मिळून अंगाच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा असतो. तुमची घोडी साडेतीनशे किलोची धरली तर पस्तीसेक किलोचं ओझं मानेच्या टोकाला लोंबतंय. दुखरा पाय जमिनीवर टेकायच्या वेळी ती हे ओझं वर उचलते, म्हणजे त्या पायावर भार कमी यावा. पुढचं पाऊल चांगल्या पायाचं, तिथं ती निर्धास्तपणे डोकं खाली सोडते. म्हणून डोकं वर जातं तो दुखरा, खाली जातं तो चांगला. आपल्याला वाटतं, दुखलं की जनावर वाकणार. दहातले निम्मे लोक इथंच चुकतात, त्यामुळं वाईट वाटून घेऊ नका.

दुसरा पुरावा तुमच्याच पत्रात आहे. ‘डावा पाय पुढं टाकून ऐटीत उभी असती.’ ती ऐट नाही हो. घोडा मागचे पाय आळीपाळीनं सैल सोडून उभा राहतो, त्यात काही विशेष नाही. पण पुढचा एक पाय सतत पुढं टाकून, त्याच्यावर भार न देता उभा असेल, तर तो पाय सांभाळतोय असं समजायचं. नखुरडं झालं की आपण ते बोट कसं अधांतरी धरून बसतो, तसंच.

पण मी कागदावरून बोलतोय. तुम्ही उद्या पहाटे स्वतः खात्री करा. रंकाळ्याच्या कडेला वर्दळ सुरू व्हायच्या आत, सपाट आणि कडक रस्त्याचा तीस-चाळीस मीटरचा तुकडा बघा. मोतद्दाराला, म्हणजे घोडी सांभाळणाऱ्या गड्याला, कासरा सैल धरायला सांगा. तो आवळून धरला तर डोक्याची हालचाल दिसतच नाही, आणि बहुतेक मोतद्दार घोडी ‘नीट दिसावी’ म्हणून नेमकं तेच करतात. आधी साध्या चालीनं, मग हळू दुडकीनं न्यायला लावा. दुडकीत पाय दोन-दोनच्या जोडीनं आणि सारख्या तालात पडतात, त्यामुळं ताल चुकला की लगेच कळतो. भरधाव पळवू नका, त्यात काही कळत नाही आणि तिला त्रास होतो. समोरून, मागून आणि बाजूनं मोबाईलवर व्हिडिओ घ्या, हळू करून बघा. आणि एकदा डोळे मिटून नुसतं ऐका. नाल मारलेली घोडी कडक रस्त्यावर चालताना चार टापांचा आवाज सारखा यायला पाहिजे. दुखरी टाप हलकी पडते, तिच्या जोडीची धाडकन पडते. जुन्या टांगेवाल्यांना घोडा लंगडतोय हे बघायच्या आधी ऐकू यायचं.

मागून बघताना एक खोच लक्षात ठेवा. दुडकीत डावा मागचा आणि उजवा पुढचा पाय एकाच वेळी पडतो. डाव्या मागच्या पायात दुखणं असेल, तर घोडी त्याच्यावरचा भार पुढं ढकलायला डोकं खाली टाकते, आणि तेव्हा उजवा पुढचा टेकलेला असतो. म्हणजे दिसायला अगदी तुमच्या पाखरीसारखंच. हे तपासायला दोन्ही खुब्यांच्या टोकांवर पांढऱ्या चिकटपट्टीचा एकेक तुकडा लावा आणि मागून बघा. ज्या बाजूची पट्टी जास्त वर-खाली होते, त्या मागच्या पायावर संशय. दोन्ही पट्ट्या सारख्या हलल्या तर मागचे पाय निर्दोष. ठाणावर डावा पुढचा पाय टाकून उभी राहते म्हणून माझा कल पुढच्याकडंच आहे, पण पट्टीचा खर्च दोन रुपये, लावून बघायला काय जातंय?

आता खांद्याकडं वळू. घोडा पुढच्या पायानं लंगडला की आपल्याकडं शंभरातले नव्वद जण खांद्याकडं बोट दाखवतात. खांदा डोळ्यासमोर असतो, खुराच्या आत कोण डोकावणार? प्रत्यक्षात उभ्या घोड्याचा साठेक टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो, आणि पुढच्या पायाच्या लंगडण्यात दोष बहुतेक वेळा खुरातच सापडतो. खांद्याचं दुखणं असतं, पण क्वचित. आणि खांद्यात दुखत असेल तर घोडी पाऊल आखूड टाकते, पाय वर उचलायलाच नको म्हणते. मातीत आणि रस्त्यावर एवढा फरक पडत नाही. तुमची घोडी मातीत बरी आणि रस्त्यावर जास्त लंगडते. कडक जमिनीचा दणका जिथं बसतो तिथं दुखणं आहे, असं ती तुम्हाला सरळ सांगतेय.

माझी स्वतःची फजिती सांगतो. नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झाली असतील. एका म्हाताऱ्या टांगेवाल्याच्या घोड्याच्या खांद्याला मी तीन आठवडे मालिश, शेक आणि मलम चालवलं. चौथ्या आठवड्यात खुराच्या वर, जिथं केस सुरू होतात त्या कडेला, फोड येऊन फुटला आणि काळा पू वाहिला. घोडा दुसऱ्या दिवशी चालायला लागला. म्हातारा मला एक शब्द बोलला नाही. मी गेल्यावर त्यानं टाप उचलली, त्या भोकावर बोट ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं. तेव्हापासून लंगडणारा घोडा आला की मी आधी टाप हातात घेतो, मालक काहीही सांगो.

तर पाखरीची डावी टाप हातात घ्या. त्याआधी दोन्ही पुढच्या खुरांवर तळहात ठेवून उबदारपणा ताडून बघा, पण सकाळी सावलीत. उन्हात उभ्या घोड्याचे चारही खूर गरम लागतात. मग नाडी. घोट्याच्या मागच्या बाजूला, आतून आणि बाहेरून, बोटाखाली एक दोरीसारखी शीर सरकते. तिच्यावर दोन बोटं हलकी ठेवून थांबा. चांगल्या पायात ठोके इतके मंद असतात की सापडायला वेळ लागतो. खुरात जळजळ असेल तर ते टकटक बोटावर आदळतात. आधी उजव्या पायात शोधा, तिथं हात बसला की डाव्यात फरक कळेल. एकाच पायात जोरात असेल तर बहुधा पू, खिळा किंवा ठेच. दोन्ही पायांत असेल तर मामला वेगळा, त्याबद्दल पुढं लिहितो.

माझा अंदाज असा, की नाल मारताना डाव्या टापेतला एखादा खिळा आतल्या जिवंत भागाच्या फार जवळून गेलाय आणि त्या वाटेनं आत पू झालाय. खुराची बाहेरची भिंत म्हणजे आपलं नखच, तिला संवेदना नसते. तळव्याच्या कडेनं एक फिकट रेघ फिरते, खिळा त्या रेघेच्या बाहेरच्या अंगानं जायचा असतो. आत घुसला तर घोडी तिथंच पाय झटकते आणि रक्त येतं, ते लगेच कळतं. पण नुसता जवळून गेला तर दाब पडत राहतो, वाटेत घाण शिरते आणि पाच-सहा किंवा दहा दिवसांनी लंगडणं सुरू होतं. तुमचा हिशेब बघा, नाल १८ दिवसांपूर्वी आणि लंगडणं १२ दिवसांपासून. आत पू झाला तरी खूर फुगत नाही, त्याला जागाच नसते. म्हणून बाहेर सूज नाही आणि आत ठणका भयंकर. तुम्हाला ‘सूज कुठंच नाही’ हे चांगलं लक्षण वाटलं. मला त्याच वाक्यानं खुराचा संशय आला.

नालबंदाशी भांडू नका. खुराची भिंत पातळ असली, कोरडी पडून तडकली असली, किंवा आधीच्या खिळ्यांच्या भोकांनी चाळण झाली असली, तर चांगल्या हातालाही नवा खिळा ठोकायला जागा उरत नाही. शिवाय खूर महिन्याला साधारण ८ ते १० मिलिमीटरच वाढतो. सहा ते आठ आठवड्यांनी नाल बदलणं ठीक, पण झिजले म्हणून दर तीन आठवड्यांनी मारत गेलात तर भिंत राहील कुठून? त्याला बोलवा आणि एवढंच सांगा, की डावा नाल उपटून काढू नको, बाहेरची मुडपलेली टोकं सरळ करून एकेक खिळा वेगळा काढ. आणि प्रत्येक खिळा निघाला की तुम्ही हातात घेऊन बघा. चांगला खिळा कोरडा आणि चकचकीत निघतो. दोषी खिळा ओला आणि काळपट असतो, आणि नाकाशी नेलात तर वास असा की परत न्यायची इच्छा होणार नाही. कधीकधी त्या भोकातून राखाडी पाण्यासारखा पू आपोआप ठिबकायला लागतो, आणि घोडी तिथल्या तिथं सुस्कारा टाकते. मी हे पाहिलंय.

या वेळी डॉक्टर हजर पाहिजेत. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगा, किंवा १९६२ या टोल फ्री नंबरवर फिरत्या पथकासाठी फोन करा. डॉक्टर चिमट्यानं तळवा इंच-इंच दाबून बघतील, घोडी जिथं पाय ओढून घेईल ती जागा पक्की. तिथं पू वाहून जाईल एवढंच लहान भोक पाडायचं असतं. ‘आणखी खरवडा, सगळं साफ करा’ असा आग्रह धरू नका. मोठं भोक पाडलं तर आतला मऊ भाग त्यातून बाहेर डोकावतो, मग दुखणं दोन दिवसांचं दोन महिन्यांवर जातं.

पुढचं काम तुमचं. कोपर बुडवून सहन होईल इतपत कोमट पाण्यात मेडिकलमधलं एप्सम सॉल्ट टाकून टाप १५-२० मिनिटं बुडवायची, दिवसातून दोनदा, दोन-तीन दिवस. त्याहून जास्त दिवस भिजवत बसू नका, खूर मऊ पडतो. (शेतीच्या दुकानातलं मॅग्नेशियम सल्फेट खताच्या दर्जाचं असतं, ते नको.) नंतर गव्हाचा कोंडा त्याच मिठाच्या पाण्यात कालवून भोकावर थापा, त्यावर लहान मुलांचा डायपर गुंडाळा, वरून चिकटपट्टी, आणि खाली सायकलच्या ट्यूबचा किंवा गोणपाटाचा तुकडा. चिकटपट्टी केसांच्या कडेच्या वर चढवून आवळू नका, रक्त अडतं. डायपर ओला झाला की बदला. ठाण कोरडं ठेवा. आणि भोक भरेपर्यंत पंचगंगेत किंवा रंकाळ्यात उभी करू नका. पायाच्या शिरा (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या, म्हणजे कंडरा) सुजल्यावर थंड पाण्यात उभं करायची जुनी रीत चांगली आहे, पण उघड्या भोकाला ते पाणी वाईट.

धनुर्वाताची लस कधी दिली होती? पत्रात उल्लेख नाही, म्हणजे बहुधा दिलेली नाही. सगळ्या पाळीव जनावरांत घोड्याला धनुर्वात सर्वांत लवकर होतो, आणि खुरातली बंद, खोल जखम त्याला अगदी सोयीची. लस झालेली नसेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा, ते तयार प्रतिविष देतील आणि लसही सुरू करतील. पहिले दोन डोस चार आठवड्यांच्या अंतरानं, मग दरवर्षी. कान ताठ होणं, शेपूट उचललेली राहणं, चालताना पाय लाकडासारखे पडणं आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातला पडदा डोळ्यावर येणं, यातलं काही दिसलं तर रात्र असो, डॉक्टरांना उठवा.

पू निघाला तर २४ ते ४८ तासांत घोडी बदललेली दिसेल. तीन दिवसांत उतार नसेल तर माझा अंदाज चुकला असं धरा आणि एक्स-रेची सोय बघा. पुण्याच्या अलीकडं शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तिथं विचारा. खुराच्या आतलं हाड, टाचेकडचं लहान नावेसारखं हाड आणि त्याच्यावरून जाणारी कंडरा यांचीही दुखणी अशीच असतात, बाहेर काही दिसत नाही. तिथं डॉक्टर पायाच्या खालच्या मज्जातंतूजवळ बधिर करणारं औषध टोचतात आणि पुन्हा दुडकीनं पळवून बघतात. टाच बधिर केल्यावर लंगडणं गेलं तर दुखणं टाचेत. नाही गेलं तर थोडं वर टोचायचं. खालून वर, एकेक मजला चढत. यात अंदाजाला जागा नसते. खांद्याचा निवाडासुद्धा असाच होतो, बिब्ब्यानं होत नाही.

आता ते दोन्ही पायांचं. नाडी दोन्ही पुढच्या पायांत आदळत असेल, दोन्ही खूर गरम असतील, पाखरी वळायला नको म्हणत असेल आणि पुढचे पाय पुढं ताणून मागच्यांवर रेलून उभी राहत असेल, तर वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवा. खुराच्या भिंतीला हाड जिथं चिकटलेलं असतं तो थर सुजलाय. इंग्रजीत लॅमिनायटिस म्हणतात. हाड सुटून खाली सरकलं की घोडी बहुधा कायमची गेली. याची कारणं पोटातून येतात. जास्त चंदी (धान्याचा खुराक) एकदम खाल्ली, व्याल्यावर जार अडकला, अंगात चरबी फार वाढली, किंवा साखर. आणि आपण राहतो कुठं? गुऱ्हाळांच्या मुलखात. गाळप सुरू झालं की कुणी काकवी आणून चाटवतो, कुणी उसाची कांडी पुढं करतो, वरातीत नवरदेवाचा मामा गुळाचा खडाच भरवतो. लाडाचं असलं तरी चारीकडून मिळून रोज किती जातंय, हे कुणी मोजत नाही. वाड्याचा, म्हणजे उसाच्या शेंड्यांचा, चारा मधून मधून चालेल, पण मुख्य वैरण कडबा आणि वाळलं गवत असू द्या. लॅमिनायटिसचा संशय आला तर चंदी त्याच क्षणी बंद, चालवणं बंद, आणि डॉक्टर येईपर्यंत दोन्ही पाय बर्फाच्या पाण्यात. गुडघ्याच्या खालपर्यंत, बर्फ वितळला की नवा टाकत, पहिले ४८ तास जमेल तितकं अखंड. कोमट शेक पुवाला, बर्फ याला. उलट केलंत तर नुकसान, म्हणून नाडी आधी बघायची.

आता तुम्ही जे खरं विचारलंय त्यावर येतो. जोरातलं इंजेक्शन आणि डोस. ते मी लिहिणार नाही.

मी दुखण्याच्या औषधाच्या विरोधात नाही. ‘दुखू दे, म्हणजे आपोआप विश्रांती घेईल’ असं म्हणणारे जुने लोक आहेत, त्यांचंही मला पटत नाही. एका पायावर आठवडेच्या आठवडे भार टाकून उभ्या राहिलेल्या घोडीला चांगल्या पायात लॅमिनायटिस होतो, हे अनेकदा बघितलंय. भोक पडल्यावर, पू निघाल्यावर, घोडी ठाणावर असताना डॉक्टर मेलॉक्सिकॅम, फेनिलब्युटाझोन किंवा फ्लुनिक्सिन यांतलं एक देतील, आणि ते द्यायलाच हवं. यातली दोन एकत्र द्यायची नाहीत. पोट, मोठं आतडं आणि मूत्रपिंड यांना जखमा होतात, विशेषतः पाणी कमी प्यायलेली असेल तर. फेनिलब्युटाझोन मांसात टोचलं तर तिथलं मांस सडतं, ते शिरेतूनच जातं. हे मेडिकलच्या काउंटरवर कुणी सांगत नाही. आणि तुम्हाला दिलेली बाटली कसली होती तेही बघा. डायक्लोफिनॅक जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे, कारण ते औषध दिलेलं जनावर मेल्यावर त्याचं मांस खाऊन गिधाडं मरत होती. केटोप्रोफेन आणि असेक्लोफिनॅकवर २०२३ मध्ये तशीच बंदी आली. माणसांच्या दुकानातून माणसांची बाटली आणून घोडीला टोचलेली असू शकते, रिकामी बाटली असेल तर डॉक्टरांना दाखवा.

वरातीसाठी इंजेक्शन म्हणजे काय होतं ते डोळ्यासमोर आणा. दुखत नाही म्हणून पाखरी डाव्या पायावर पूर्ण भार टाकते. बँड लागतो, डीजेची भिंत मागं, कुणी तरी ‘नाचवा’ म्हणतं, आणि तुम्ही तिला पुढचे पाय आपटत नाचवता. आत पू दाबाखाली. दाबलेला पू मऊ वाटेनं वर सरकतो, कधी हाडापर्यंत, कधी सांध्यापर्यंत. त्यात नवरदेव पाठीवर. घोडी वाटेत गुडघ्यावर आली तर पुढच्या चार नव्हे, पुढच्या सगळ्याच वराती गेल्या. कायद्यानंही दुखणाईत जनावराला कामाला जुंपणं हा गुन्हा आहे, प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६०चा कायदा, कलम ११. मी पोलिसाची भीती घालत नाही, पण हल्ली वरातीत पन्नास मोबाईल चालू असतात.

तेव्हा चारही तारखा आजच दुसऱ्या घोडेवाल्याला द्या. पेठेत तुम्ही एकमेकांच्या तारखा सांभाळताच. आगाऊ रक्कम त्याच्याकडं वळती करा, यजमानांना आधी कळवा. पू निघून, भोक भरून, नवा नाल बसेपर्यंत साधारण दोन-तीन आठवडे धरा. पहिले काही दिवस ठाणावर, मग मातीत हातानं धरून चालवणं, मग कडक रस्त्यावर साधी चाल, आणि शेवटी दुडकी. दुडकीत डोकं दोन्ही पायांवर सारखं राहिलं, आणि तेही औषध बंद करून निदान चार-पाच दिवस झाल्यावर, तर पाठीवर माणूस. औषध चालू असताना घेतलेली परीक्षा धरू नका.

‘खाणंपिणं व्यवस्थित’ म्हणून दुखणं थोडंच असेल, असंही मानू नका. घोडा हे पळून जीव वाचवणारं जनावर, माणूस समोर आला की दुखणं लपवतं. रात्री ठाणावर मोबाईल लावून तासभर चित्रण करा आणि नुसता चेहरा बघा. २०१४ मध्ये परदेशातल्या संशोधकांनी घोड्याच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखायची एक मोजपट्टी छापली. त्यात बघायच्या गोष्टी आपल्याही डोळ्याला दिसतात. कान मागं आणि बाजूला ताठ, वरची पापणी आवळलेली, डोळ्यावरचं हाड उठून दिसणारं, गालाचा चावायचा स्नायू घट्ट, ओठ-हनुवटी आवळलेली, नाकपुडी ताणलेली. खराऱ्याच्या वेळी कान मोकळे सोडणारी तुमची पाखरी कशी दिसते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, तिच्याशीच तुलना करा. बरं, विश्रांतीच्या वेळी तिची हृदयाची गती मिनिटाला २८ ते ४४ आणि ताप १०१ अंश फॅरनहाइटच्या आत असायला पाहिजे. गती सतत साठाच्या पुढं राहत असेल तर ती खूप सोसतेय.

राहिला उजवा खांदा. बिब्बा उतला की खोबरेल लावतात, पण तुमच्याकडं आता कातडं सोलटून गेलंय, म्हणून घरचं काही लावू नका. कोमट पाण्यानं हलकेच धुवा, माश्या बसू देऊ नका आणि डॉक्टर डावी टाप बघायला येतील तेव्हा ही जागाही दाखवा, ते मलम देतील. तिथले केस पुन्हा पांढरे येण्याची शक्यता आहे. पाखरी गडद रंगाची असेल तर ते दिसेल, वरातीची झूल जरा पुढं ओढून घ्यावी लागेल. पहाटेचा व्हिडिओ आणि काढलेल्या खिळ्यांचा फोटो पाठवा. खिळे टाकून देऊ नका, कागदाच्या पुडीत ठेवा आणि कुठला कुठल्या भोकातला ते वर लिहा.